कमी खर्चात गाडीचा पिकअप वाढवायचा : सायलेन्सर कापण्याआधी काय मोजाल?

दट्ट्या

टर्बो नसलेल्या छोट्या पेट्रोल गाडीचा (१.० ते १.६ लिटर) पिकअप कमी खर्चात कसा वाढवायचा, हा प्रश्न वरचेवर येतो आणि चर्चा दर वेळी थेट सायलेन्सरवर घसरते. म्हणून सगळं एका धाग्यात क्रमाने मांडतो आहे. ज्यांच्याकडे वेगळे आकडे असतील त्यांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

पहिला प्रश्न हा, की इंजिन नवं असताना जेवढी ताकद देत होतं तेवढी आज देतंय का? बऱ्याच जुन्या गाड्या तेवढी देत नसतात, आणि ती हरवलेली ताकद परत मिळवणं कुठल्याही नव्या पार्टपेक्षा स्वस्त पडतं.

कॉम्प्रेशन मोजा. इंजिन गरम हवं, सगळे प्लग बाहेर, इंजेक्टरचा फ्यूज काढलेला, कॉइलचे सॉकेट सोडवलेले आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला सेल्फवर पाच-सहा फेरे द्या. साधारण १० ते १४ बार दिसतील, पण त्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. चढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड पॅकिंग गेलंय. अशा इंजिनावर एकही पार्ट चढवू नका, आधी ते काम.

मग गाडीच्या ओबीडी (दोष वाचायच्या) सॉकेटला रीडर लावून फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरलेल्या पेट्रोलात किती टक्के वाढ-घट करतोय ते. शॉर्ट आणि लाँग टर्मची बेरीज ±५ टक्क्यांत असेल तर उत्तम, ±१० च्या बाहेर गेली तर दोष आहे. आयडलला ट्रिम वर आणि २५०० रेसला (मिनिटाला इंजिनाचे २५०० फेरे) खाली येत असेल तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी हवा शिरते आहे. व्हॅक्यूमचे पाइप आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासा. उलट लोडवर ट्रिम वाढत जात असेल तर फ्युएल फिल्टर, दमलेला पंप किंवा काजळलेला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर. एमएएफ फक्त त्याच्यासाठीच्या स्प्रेने धुवा. कार्ब क्लीनरने त्याची बारीक तार बिघडू शकते.

प्लगचा गॅप मॅन्युअलमध्ये दिला असेल तोच ठेवा. चारही चाकं उचलून हाताने फिरवा. एखादं चाक अर्ध्या फेऱ्यात थांबत असेल तर कॅलिपरच्या पिना जाम आहेत आणि गाडी ब्रेक धरूनच पळते आहे.

आता मापन. एकाच सपाट, मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ६० ते १०० चा वेळ जीपीएस लॉगरवर घ्या. दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा, टाकीत तेवढंच पेट्रोल, हवेचं तापमान साधारण तेच. ड्रायव्हरसकट ११५० किलोच्या गाडीला ६० वरून १०० वर नेताना सुमारे २८४ किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते. ते ८ सेकंदांत होत असेल तर ताकदीत ५ टक्के वाढ म्हणजे जेमतेम ०.४ सेकंदाचा फरक. तुमच्या रनांमध्ये आपापसातच अर्ध्या सेकंदाची तफावत असेल तर कुठल्याही पार्टने फायदा झाला की नाही हे कळणारच नाही. मापन सुधारेपर्यंत खरेदी थांबवा.

वातप्रवाह

दट्ट्या, सुरुवात उत्तम. हवेच्या बाजूबद्दल मी लिहितो, कारण कोन फिल्टरवर (शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) लोकांचे पैसे फार वाया जातात.

तुमचा एअर बॉक्स इंजिनाला किती अडवतो हे पाण्याच्या नळीने घरी मोजता येतं. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी यू आकारात फळीवर बसवा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या रबरी पाइपात बारीक भोक पाडून बसवा, दुसरं उघडं ठेवा. दोन्ही बाजूंना निदान ४० सेंटिमीटर नळी मोकळी हवी आणि सोबत पाणी बघायला दुसरा माणूस हवा. दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून वरच्या रेसपर्यंत जा आणि दोन पातळ्यांमधला फरक वाचा. १० सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ १ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा १ टक्का. समजा १५ सेंटिमीटर आले. मग जगातला सगळ्यात मोकळा फिल्टर लावला तरी कमाल फायदा दीड टक्का, तोही फक्त अगदी वरच्या रेसला. ४० सेंटिमीटर आले तर मात्र फिल्टर तुंबलाय किंवा तोंडाशी काहीतरी अडकलंय.

आता उलट बाजू. बॉक्स काढून बोनेटखाली उघडा कोन लावला की इंजिन रेडिएटरमागची गरम हवा ओढतं. हवा ३ अंशांनी तापली की तिची घनता साधारण १ टक्क्याने घटते. सिग्नलला थांबल्यावर बाहेरच्यापेक्षा २०-३० अंश जास्त गरम हवा सहज मिळते, म्हणजे दीड टक्का कमावून त्याच्या कितीतरी पट गमावलं. शिवाय ईसीयू तापमान बघून ठिणगीचं टायमिंग मागे घेतो ते वेगळंच. आवाज वाढतो, म्हणून गाडी जोरात पळतेय असं वाटतं.

कंपनीचा बॉक्स राहू द्या, आत चांगला पॅनेल फिल्टर घाला, बंपरमागून येणारी हवेची नळी जागेवर आहे का आणि फाटली तर नाही ना ते बघा. सर्व्हिसिंगमध्ये ती नीट न बसवल्याने लोंबकळताना हमखास सापडते. तेल लावायचे कापडी फिल्टर वापरत असाल तर तेल कमीच. जास्तीचं तेल एमएएफवर जाऊन बसतं आणि ट्रिम बिघडते. आणि हवेचं तोंड बंपरच्या तळाशी कधीही नेऊ नका. साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी ओढलं गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो.

तिसरा_गिअर

दोन्ही प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवले. पण सायलेन्सरचं काय? जाड पाइप टाकला की खालच्या रेसचा टॉर्क जातो, इंजिनाला थोडा बॅक प्रेशर (धुराला मागून होणारा अडथळा) लागतोच, असं बहुतेक मिस्त्री सांगतात. १.५ लिटर, साधारण १०० हॉर्सपॉवरच्या गाडीला किती मिमीचा पाइप घ्यावा?

लोखंडी_नळी

तिसरा_गिअर, मिस्त्री जे बघतात ते खरं, पण कारण वेगळं आहे. बॅक प्रेशर कुठल्याच इंजिनाला लागत नाही. लागतो तो धुराचा वेग. पाइप अंगापेक्षा जाड झाला की धूर संथ होतो, लवकर थंड होतो, आणि व्हॉल्व्ह बंद होता होता सिलिंडरमधला उरलासुरला धूर मागे खेचून नेणारी ओढ कमी पडते. खालच्या रेसला धूर मुळात कमी, त्यामुळे तिथेच हे जाणवतं.

मापासाठी जुना ठोकताळा अजून चालतो : दर हॉर्सपॉवरला २.२ घनफूट प्रति मिनिट, आणि पाइपाच्या दर चौरस इंच छेदाला ११५ घनफूट. हिशेब केला तर १०० हॉर्सपॉवरला आतून ४० मिमी, १५० ला ४८-४९ मिमी, २०० ला ५६ मिमी. म्हणजे तुमच्या गाडीला आतून ४२ ते ४५ पुष्कळ झाला. ६३ मिमीचा पाइप अशा गाडीला नुसता जड आणि गोंगाटी ठरतो.

पण माप ठरवायच्या आधी आहे त्या सायलेन्सरची अडचण मोजा. कॅटच्या (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या भोकात प्रेशर गेज लावा. धागा बहुतेक वेळा एम१८×१.५ असतो. गेज थेट लावलात तर जळेल. मध्ये मीटरभर तांब्याची नळी हवी. गरम इंजिनाला आयडलवर ०.०९ बारच्या आत आणि २५०० रेसला ०.२ बारच्या आत दाब हवा. जास्त असेल तर कॅट वितळलाय, तुंबलाय किंवा सायलेन्सरच्या आतला पडदा तुटून आडवा आलाय. मग हेच भोक सोडून कॅटमागच्या सेन्सरच्या जागी गेज लावा. इथेही दाब तेवढाच असेल तर दोष मागे, कमी असेल तर कॅट. मागच्या भोकात, पूर्ण दाबून वरच्या रेसला, ०.१ बारसुद्धा भरत नसेल तर मागचा पाइप बदलून ताकदीत हाती काही लागणार नाही. मोजताना चेक लाइट लागेल, नंतर कोड पुसा.

बदलायचंच ठरलं तर फक्त कॅटच्या मागचा भाग बदला. कॅट काढणं बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे, धूर विषारी होतो, आणि टर्बो नसलेल्या गाडीत चालू स्थितीतला कॅट काढून मिळणारी वाढ मापनाच्या चुकीत हरवून जाते. आवाजाची मर्यादाही आपापल्या नियमांत बघून घ्या. सायलेन्सर आतून पोकळ करणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण मोठ्या रिकाम्या डब्यात धूर एकदम पसरतो, वेग मरतो आणि आवाज फाटका येतो.

पाइपाची वळणं महत्त्वाची. साध्या बेंडरवर दाबून वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो आणि छेद घटतो. असे चार-पाच बेंड आले की ४५ च्या पाइपाचा काही उपयोग राहत नाही. आतून आधार देऊन वाकवलेले मँड्रेल बेंड घ्या, नाहीतर तयार बेंड जोडून घ्या. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप चुकूनही वापरू नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो, त्याने ताप भरतो, आणि झाळणीही कच्ची राहते.

धातूंत ॲल्युमिनाइज्ड स्टील स्वस्त आणि पुरेसं टिकाऊ. स्टेनलेस ४०९ त्याहून बरं, ३०४ सगळ्यात चांगलं, पण ते तापल्यावर जास्त लांबतं. अडीच मीटरचा ३०४ चा पाइप सरासरी २५० अंशांनी तापला की जवळपास ११ मिमी वाढतो, साधं स्टील सात-साडेसात. म्हणून हँगरचे रबर घट्ट ताणून बसवू नका, आणि इंजिन व पहिला हँगर यांच्यामध्ये जाळीचा फ्लेक्स पाइप हवाच. तो वगळला तर इंजिनाच्या हेलकाव्याने पुढची फ्लँज किंवा मॅनिफोल्ड तडकतो.

बसवताना आधी सगळं जुळवून फक्त टॅक (वेल्डिंगचे ठिपके) मारा. चाकं जमिनीवर ठेवून सस्पेन्शन दाबून बघा. ड्राइव्हशाफ्ट, ब्रेकचा होज आणि पेट्रोलची लाइन यांच्यापासून २०-२५ मिमी तरी अंतर राहायला हवं. मग पाइप उतरवून बाहेर पूर्ण वेल्ड करा. टाकीजवळ गाडीवरच वेल्डिंग करणं म्हणजे आगीला आमंत्रण. एखादा टॅक गाडीवर मारावाच लागला तर बॅटरीची दोन्ही टर्मिनल सोडा आणि अर्थची क्लिप वेल्डच्या अगदी शेजारी लावा, म्हणजे करंट बेअरिंगमधून किंवा ईसीयूच्या वायरीतून जाणार नाही.

तिसरा_गिअर

फारच उपयोगी, मनापासून धन्यवाद. आणखी एक : हेडर (ओतीव मॅनिफोल्डऐवजी लावायच्या वेगवेगळ्या नळ्या)? बरेच जण म्हणतात की खरी वाढ तिथेच आहे.

दट्ट्या

टर्बो नसलेल्या इंजिनात ते खरं आहे, पण आधी बोनेट उघडून बघा. बऱ्याच नव्या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो आणि कॅट थेट हेडला बोल्ट केलेला असतो. अशा गाडीला हेडर नावाची गोष्टच लागू होत नाही. ओतीव मॅनिफोल्ड वेगळा असेल तरच पुढे वाचा.

रोजच्या गाडीला ४-२-१ (चार नळ्या आधी दोनांत, मग एकात) घ्या. तो मधल्या रेसला जोर देतो. ४-१ चा फायदा वरच्या टोकाला. १.२ ते १.५ लिटरला ३५ ते ३८ मिमीच्या नळ्या पुरतात. विकत घेताना फ्लँजची जाडी बघा. पातळ फ्लँज दोन-चार महिन्यांत वाकते आणि टिक-टिक असा आवाज सुरू होतो. ८-१० मिमी हवी. सरळ पट्टी धरून खालून उजेड दिसतो का ते तपासा. स्टड एम८ चे असतील तर २०-२५ न्यूटन-मीटरपर्यंत, मधून बाहेरच्या दिशेने कसा, आणि इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झालं की परत कसा. पॅकिंग नवं, बहुपदरी स्टीलचं.

हीट रॅप साध्या स्टीलच्या हेडरवर गुंडाळू नका. ओल धरून ठेवतो आणि नळी आतल्या आत गंजते. त्यापेक्षा पत्र्याची हीट शील्ड बरी.

चढाचा_गडी

लोखंडी_नळी, तुम्ही सांगितलं त्या मापाचा पाइप आणि सरळ छिद्रांची नळी असलेला मफलर लावल्यावर साधारण २४०० रेसला केबिनमध्ये डोकं भणभणेल असा घूं आवाज येतो. आणखी एक मफलर लावू का? गाडी चार सिलिंडरची.

लोखंडी_नळी

दुसऱ्या मफलरने हा आवाज फारसा जात नाही. तो एकाच ठरावीक कंपनाचा आहे, तेव्हा त्याच कंपनावर इलाज करायला हवा. चार सिलिंडर, चार स्ट्रोक : दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे रेस भागिले ३०. २४०० ला ८० हर्ट्झ. मुख्य पाइपाला बाजूने एक बंद टोकाची नळी जोडायची, लांबी त्या लहरीच्या पाव. तिच्यात शिरलेली लहर बंद टोकावरून उलटी येते आणि मूळ लहरीला मारते.

लांबी तापमानावर ठरते. ३०० अंशांच्या धुरात आवाजाचा वेग सुमारे ४८० मीटर प्रति सेकंद; ४८० भागिले (४ गुणिले ८०) म्हणजे दीड मीटर. २०० अंशांना वेग ४३५ च्या आसपास, म्हणजे १३६ सेंटिमीटर. बंद नळीतून धूर वाहत नाही, म्हणून ती मुख्य पाइपापेक्षा थंडच असते. म्हणजे शेवटी लांबी दीड मीटरपेक्षा कमीच लागेल. कापायला वाव राहावा म्हणून सुरुवातीला १५० सेंटिमीटर ठेवा, टोकाला क्लॅम्पने काढता येईल अशी टोपी लावा, आणि गाडी अर्धा तास पळवून तापवल्यावर आवाज कुठल्या रेसला मरतोय ते बघा. २४०० च्या खाली मरत असेल तर नळी लांब आहे. दोन-दोन सेंटिमीटर कापत जा. जमलं की टोपी वेल्ड करा. व्यास मुख्य पाइपाएवढाच. नळी सरळच हवी असं नाही, मुख्य पाइपाला समांतर वळवून नेली तरी चालते. टोक किंचित वर ठेवा, नाहीतर पाणी साचून सडेल.

वातप्रवाह

एक पुरवणी. तीन सिलिंडरवाल्यांनी ३० ने भागू नये. तिथे दर फेऱ्याला दीड स्फोट, म्हणून रेस भागिले ४०. त्याच २४०० ला ६० हर्ट्झ येतात आणि ४८० च्या वेगाने नळी दोन मीटरची लागते. एवढी लांब नळी छोट्या गाडीखाली मावत नाही. त्यांनी कंपनीचा मधला रेझोनेटर (घूं आवाज मारणारा डबा) काढूच नये, फक्त शेवटचा डबा बदलावा.

तेलपाणी

मॅपबद्दल (ईसीयूतला पेट्रोल आणि टायमिंग ठरवणारा तक्ता) अजून कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. टर्बो नसलेल्या पेट्रोलला रीमॅपने ५ ते ८ टक्के, टर्बो पेट्रोलला १५ ते २५. त्यामुळे टर्बो गाडी असेल तर दट्ट्या यांचा तपासणीचा क्रम संपताच थेट मॅप, आणि त्यानंतर टर्बोमागचा डाउनपाइप. पण त्याआधी क्लच तपासा : चौथ्या गिअरमध्ये २००० रेसला पूर्ण दाबा, रेस चढते आणि वेग चढत नाही, तर क्लच आजच घसरतो आहे, वाढीव टॉर्क त्याला झेपणार नाही.

मॅप करणाऱ्याकडून पूर्ण थ्रॉटलचा वाइडबँड लॉग (हवा-पेट्रोलाच्या प्रमाणाची नोंद) मागून घ्या. टर्बो नसलेल्या इंजिनाला लॅम्डा (१ म्हणजे नेमकं प्रमाण, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८५ ते ०.८८ असावा. एअर-फ्युएलचा आकडा मागू नका, लॅम्डाच मागा, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं प्रमाण १४.७ राहत नाही. १० टक्के इथेनॉलला ते १४.१ च्या आसपास येतं. सोबत नॉकिंगमुळे (मिश्रण अवेळी फुटल्याने) टायमिंग किती मागे घेतलं जातंय तो कॉलमही हवा. मॅप महाग ऑक्टेनवर केला तर कायम तेच भरावं लागेल. उलट, साध्या मॅपवर नुसतं महाग पेट्रोल भरून ताकद वाढत नाही.

ओबीडीत खोचायचे दिवेवाले डबे, पेट्रोल लाइनवरचे चुंबक, हवा फिरवणारे पंखे यांच्यावर एक पैसाही घालवू नका. पेडलवर लावायचा थ्रॉटल कंट्रोलर ताकद वाढवत नाही. पेडल थोडं दाबलं तरी थ्रॉटल जास्त उघडतो, एवढंच.

आणि टायर. १८५/६५ आर१५ चा व्यास ६२१ मिमी, १९५/५५ आर१५ चा ५९५. व्यास ४ टक्क्यांनी कमी, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये तेवढा जास्त ओढा, इंजिनाला हात न लावता.

दट्ट्या

तेलपाणी, टायरचा मुद्दा बरोबर, पण त्याची किंमतही लिहायला हवी. १०० ला जिथे ३००० रेस होती तिथे ३१३० होईल, स्पीडोमीटर आणि किलोमीटर दोन्ही ४ टक्के जास्त दाखवतील, आणि गाडी १३ मिमी खाली बसेल. टायरचा लोड इंडेक्स मूळच्यापेक्षा कमी नको. रस्ते खराब असतील तर मी हा बदल सुचवणार नाही. आणखी एक, ६० ते १०० चं मापन करताना जीपीएसच वापरा, नाहीतर बदललेल्या स्पीडोमीटरवर गाडी आपोआप वेगवान झालेली दिसेल.

चढाचा_गडी

नळीचं काम करून घेतो. पण आत्ताच बघितलं, सायलेन्सर बसवल्यापासून लाँग टर्म ट्रिम +२ वरून +१२ झाली आहे. चेक लाइट नाही. पाइप मोकळा झाल्याने इंजिन जास्त हवा ओढतंय, म्हणून असेल का?

लोखंडी_नळी

नाही. हवा वाढली तर सेन्सर ती मोजतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो, त्यासाठी ट्रिमला एवढं चढावं लागत नाही. तुमच्या पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी किंवा अगदी जवळ फट आहे. धुराच्या दोन झटक्यांच्या मध्ये पाइपात ओढ निर्माण होते आणि फटीतून बाहेरची हवा आत येते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, ईसीयू वाढवतो. ॲव्हरेज पडेल आणि कॅट जादा पेट्रोलने तापेल, तेव्हा याकडे दुर्लक्ष नको.

इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरचा हवा फेकणारा होज टेलपाइपला कापडाने घट्ट बांधा, हवा सोडा आणि प्रत्येक जोडावर ब्रशने साबणाचं पाणी लावा. फट असेल तिथे फुगे येतील. आधी मॅनिफोल्ड आणि डाउनपाइपमधली फ्लँज बघा. मागचा पाइप ओढताना तिथलंच पॅकिंग सरकतं. मग सेन्सरचा धागा. तो ४०-४५ न्यूटन-मीटरला कसलेला हवा. पॅकिंगवर साधा सिलिकॉन सीलंट लावलेला आढळला तर काढून टाका, त्याच्या वाफेने सेन्सर मरतो.

फट बुजवल्यावर ट्रिम पुसा आणि ५०-६० किलोमीटर चालवून परत वाचा.

चढाचा_गडी

फ्लँजवरच फुगे आले, खालच्या बोल्टाच्या बाजूला. पॅकिंग अर्ध्यावर दुमडलेलं होतं. नवीन घालून दोन्ही स्प्रिंगचे बोल्ट सारखे कसले. साठ किलोमीटरनंतर लाँग टर्म +३.